बावीस पाव्हण्यांचं घर

गावाचं नाव या लेखात नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपासून दुचाकीने पंधरा मिनिटांवर ते आहे, एवढं पुरे. नाव का नाही, ते पुढे येईल.

त्या गावात रस्त्याला लागून पत्र्याच्या दहा खोल्यांची एक रांग होती. रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत एक बाई कामगारांची खानावळ चालवत असे. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन गेलेली. रस्ता रुंद होणार होता आणि ही रांग पडणार होती. पुणे महानगर प्रदेशाची हद्द जाहीर होण्याआधीपासून त्या जागेवर जो स्वतः धंदा करत होता, त्याला थोडं मागे बदली गाळा मिळणार होता. खोलीमागे एक. पहिल्या खोलीसाठी दोन अर्ज गेले. एक बाईचा, दुसरा खोल्यांच्या मालकाचा. सुनावणी शिरूरला, सोमवारी सकाळी अकरा वाजता ठरली.

बाईकडे कागद नव्हता. रेशनकार्ड आणि मतदान बीड जिल्ह्यातल्या गावी. विजेचं बिल मालकाच्या नावाने. भाड्याची पावती कुणी कधी दिली नव्हती, तिनेही मागितली नव्हती. जुनी गिऱ्हाइकं कंत्राटी कामगार. कंत्राट संपलं की ती चाकणला, सुप्याला, नाहीतर आपापल्या राज्यात निघून गेली. गाळा गेला तर तिला बीडला परतावं लागणार होतं, आणि तिकडे आता तिचं कुणी उरलं नव्हतं.

मी त्या काळात एका साप्ताहिकासाठी लेख तयार करत होते. त्याआधी बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम केलं होतं. महानगर प्रदेशाची रेषा शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतून जाते. काही गावं आत, काही बाहेर. नकाशा बाजूला ठेवून, माणसं कशी राहतात आणि कामाला कुठे जातात एवढंच पाहिलं, तर महानगर नेमकं कुठे संपतं, हा लेखाचा प्रश्न होता. उत्तर मी मागच्या जनगणनेत शोधत होते.

जनगणनेतल्या काही घरांच्या नोंदी नाव आणि पत्ता काढून अभ्यासकांसाठी खुल्या केलेल्या असतात. माझ्याकडच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस होता. वय, जन्म कुठला, लग्न झालंय का, अपंगत्व आहे का, कुटुंबप्रमुखाशी नातं काय, काम काय, कामाचं ठिकाण किती दूर, जाण्याचं साधन कोणतं, असे रकाने. जिल्ह्याचा रकाना होता. शहरी की ग्रामीण, तोही होता. तालुक्याचा नव्हता आणि महानगराचा असणं शक्यच नव्हतं. मोजणी आधी झाली होती, हद्द नंतर आली.

पण ओळींचा मूळ क्रम कुणी मोडला नव्हता. ग्रामीण भागाच्या एका लांब पट्ट्यात कामाला रेल्वेने जाणारे पुन्हा पुन्हा येत होते. ते दौंडकडचं असणार. पहाटेची गाडी धरून पुण्याला जाणारी माणसं तिथे घरोघर आहेत. दुसऱ्या पट्ट्यात रेल्वे अजिबात नव्हती, होती कंपनीची बस आणि दुचाकी. शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. शेजारचे पट्टे घाटाच्या आणि धरणांच्या खुणांवरून बाजूला काढले. असं करत तीन आठवड्यांत मला दोन्ही तालुके फाइलमध्ये वेगळे दिसू लागले, आणि तालुक्याच्या आत गावांचे गट.

शिरूरच्या पट्ट्यात एक घर होतं. प्रमुख शेतकरी. बायको, दोन मुलगे, आई आणि ऐकू न येणारा भाऊ. त्यानंतर त्याच घरात आणखी बावीस माणसं. नात्याच्या रकान्यात 'इतर'. बहुतेक तरुण, बहुतेकांचा जन्म परराज्यातला, कामाला कंपनीच्या बसने. शेतकऱ्याच्या घरात बावीस परके. महानगर कुठवर आलं होतं, हे दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही. मी ते घर लेखाच्या सुरुवातीला घेतलं.

त्या बाविसांत एक बाई होती. विधवा, जन्म बीड जिल्हा. तिच्याखालच्या ओळीत तिची मुलगी, जन्म गुजरात.

खानावळवाली बाई मला वाढताना एकदा म्हणाली होती की मुलगी सुरतेची, नवरा तिथे मागावर होता. आणि ज्या रांगेतल्या खोलीत मी जेवत होते, तिच्या मालकाचा भाऊ बहिरा होता. मी ओळी पुन्हा पाहिल्या. वयं जुळत होती. शंकेला जागा राहिली नाही.

सुनावणीच्या आधीच्या सोमवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे जेवायला गेले. पंगतीत पहिल्या पाळीची माणसं होती. ओडिशाचा एक फिटर ताटातली चपाती उलटीपालटी करत होता.

"मावशी, यह सुबह की शिफ्ट वाली है क्या?"

"खा गुपचूप. तुझ्या कंपनीत कॅन्टीन हाय की, जा तिकडं."

"वहाँ की दाल में दाल नहीं मिलती."

"मग हितं नखरे कशाला?" ती म्हणाली आणि त्याच्या ताटात दुसरी, गरम टाकली. मग माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, तुम्ही सरकारच्या मोजणीचं बघताय म्हणं. त्यात मी हाय का? तेवढं सांगा."

बातमीदाराने या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. नाव काढलेल्या नोंदीतून माणूस ओळखायचा नसतो. ओळखलाच तर बोलायचं नसतं. मला हे चांगलं माहीत होतं.

"आहात," मी म्हणाले.

तिने पदराने तोंड पुसलं. पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका रे, सरकारच्या कागदात हाय मी!"

बुधवारी मालकाचा निरोप आला. गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणत असे. ओट्यावर खुर्ची टाकून ते बसले होते. भाऊ शेजारी शेंगा फोडत होता.

"बसा, ताई. चहा घ्या. तुमच्याकडं सरकारी कागद हाय म्हणं आमच्या घराचा."

"त्यात कुणाचं नाव नाही, आप्पा."

"नावाची काय गरज? बहिरा भाऊ गावात एकाचाच." ते हसले. "मोजणीच्या टायमाला मीच सांगितलं व्हतं गुरुजींना. म्हणलं, ही सगळी आमची पाव्हणी हायत. एकाच घरात लिवा. खोलीगणिक घर धरलं असतं तर खोलीगणिक घरपट्टी बसली असती. गुरुजींनी लिवलं."

"आणि मावशी?"

"ती बी पाव्हणीच. अजून दिवाळीचा फराळ जातो तिच्याकडं, विचारा तिला."

हे खोटं नव्हतं. त्या भागात खोल्यांमधल्या भाडेकरूंना पाव्हणे म्हणायची पद्धत आहे. कुणी आजारी पडला तर मालकाच्या घरून पेज जाते. मोजणीला माणूस आला, पोलीस आले, ग्रामसेवक आला, तर उत्तर मालक देतो. पाव्हण्याने बोलायचं नसतं.

"तिचं काम काय लिवलंय त्यात?" आप्पांनी विचारलं.

मी भावाच्या हातातल्या शेंगांकडे पाहिलं. बहुधा त्यांना तेवढं पुरलं.

"मी सांगतो. बिनकामाची. मीच तसं सांगितलं व्हतं. पाव्हणी बाई कशाला काम करंल?" त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही छापा, ताई. गावाचं नाव टाकून छापा. सोमवारच्या आत आलं तर लई बरं. शहाण्याला तेवढं पुरं, ह्या गावात बहिऱ्या भावाचं घर कुठलं ते सायेब बी विचारून घेईल."

काम काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. बाईच्या ओळीत कामाच्या रकान्यात 'काम नाही' होतं. ती तिथे राहत होती, हे ती ओळ सांगत होती. धंदा करत नव्हती, हेही तीच ओळ सांगत होती. अट धंद्याची होती.

अंक रविवारी निघायचा. पानं शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होत. संपादकांचा फोन त्या बुधवारीच दुपारी आला. मी पाठवलेल्या मसुद्यातलं घर त्यांना आवडलं होतं. "फक्त गावाचं नाव हवं," ते म्हणाले. "वाचकाला नकाशावर बोट ठेवता आलं पाहिजे. नावाशिवाय हे घर कुठलंही असू शकतं." मी म्हणाले, शनिवारपर्यंत सांगते.

गुरुवारी मी बाईला सगळं सांगितलं. जेवणं आटोपली होती, ती परात घासत होती. नोंद आहे, पण नाव नसल्यामुळे पुरावा म्हणून चालणार नाही. चालवायला गेलं तर उलट पडेल, कारण काम नाही असं लिहिलंय.

तिचा हात थांबला. "काम न्हाई?"

"हो."

"मग ही चूल कोण फुंकत व्हतं?" तिने परात बाजूला सारली. मग आवाज चढला. "आन् ज्यानं लिवलं त्यो तर हितं जेवत व्हता! त्या कोपऱ्यात. मोजणी चालली तवर रोज. वांगं नको म्हणायचा, पित्त व्हतंय म्हणायचा. त्याच्यासाठी निराळं पिठलं टाकायची मी. माझं पिठलं खाऊन मलाच बिनकामाची लिवली?"

गुरुजी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत होते. निवृत्त होऊन दौंड तालुक्यातल्या आपल्या घरी गेले होते. शाळेतल्या बाईंनी गाव सांगितलं. फोन लागत नव्हता.

शुक्रवारी सकाळी निघाले. न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. पाटसच्या पुढे आत वळल्यावर गुरुजींचं घर. वडिलांच्या काळापर्यंत त्यांच्यात मेंढरं होती, आता ऊस आहे. दारात चार मेंढ्या बांधलेल्या होत्या.

मी कशासाठी आले ते सांगितलं. गुरुजी ताठ बसले.

"कागदावर काय लिहिलं ते मी सांगणार नाही. तेव्हा सांगायचं नव्हतं, आताही नाही. तो नियम आहे."

"मी ते विचारत नाही."

"तुम्हाला ते माहीतच आहे, असं दिसतंय. तेच मला कळेना. नावं काढलेली असतात ना?"

मी सांगितलं. रेल्वे, कंपनीची बस, बहिरा भाऊ, सुरत. ते शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे कुणालाही कळेल."

"गावाचं नाव मिळालं तर."

"मग देऊ नका," ते म्हणाले. वर्गात सांगावं तसं.

मी विचारलं, "मोजणीच्या दिवसांत दुपारी जेवायला कुठे जात होता?"

उत्तर आतून आलं, त्यांच्या पत्नीचं. "मावशीकडं! आन् घरी येऊन माझ्या पिठल्याला नावं ठेवायचे. तिचं कसं मऊ, तिचं कसं झणझणीत. महिनाभर ऐकलंय मी."

"अगं, तू गप्प बस."

"का गप्प बसू? खरं हाय न्हवं?"

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते माझं आहे," ते हळू म्हणाले. "ते कागदावरचं नाही."

"सोमवारी अकराला शिरूरला येऊन एवढंच सांगाल?"

"आणि कुणी विचारलं, मग तुम्ही तिचं काम काय लिहिलं होतं?"

"सांगू नका."

"न सांगितल्यावर काय समजायचं ते लोक समजतातच, ताई. चाळीस वर्षं नोकरी केली. एक शेरा नाही." त्यांनी मेंढ्यांकडे पाहिलं. "आप्पांचे दोन्ही मुलगे माझ्या हाताखाली शिकले. त्यांच्याच तोंडावर बोलायचं."

"येणार का?"

"बघू."

परत निघताना त्यांच्या पत्नी फाटकापर्यंत आल्या. त्यांनी दौंडहून शिरूरकडे जाणारी पहिली एसटी किती वाजता आहे, ते मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

शनिवारी मी लेख पुन्हा लिहिला. ते घर काढलं. गाव काढलं. बहिरा भाऊ, बीड, सुरत, बाविसांचा आकडा, सगळं काढलं. दोन्ही तालुक्यांतले पट्टे ठेवले. रेल्वेचा पट्टा, बसचा पट्टा, त्यांच्या आणि जाहीर रेषेच्या मधला फरक. साडेपाचला पाठवला. सहाला दहा कमी असताना फोन आला.

"घर कुठे गेलं?"

"काढलं."

"कारण?"

"ओळखता येतं."

"नाव तर कुणाचंच नव्हतं."

"तरी येतं. मी स्वतः ओळखलं."

"मग हे पाव पानाचं झालं."

"चालेल."

रविवारी पाव पान आलं. सकाळी नऊला आप्पांचा फोन. "ताई, ह्यात गाव न्हाई, घर न्हाई, काईच न्हाई. मग कशाला छापलं?" मी म्हणाले, तेवढंच छापण्यासारखं होतं. ते म्हणाले, "बरं. मी सांगतो की उद्या तोंडानं."

सोमवारी साडेदहालाच खोली भरली होती. बाई इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन, पहिल्या बाकावर. पिशवीत रेशनकार्ड होतं, ज्याचा उपयोग नव्हता. आप्पा भावाला घेऊन आले होते. गुरुजी नव्हते. मी दाराजवळ उभी राहिले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि जे होतं ते दाखवण्यासारखं नव्हतं.

अकरा पंचवीसला पुकारा झाला. आप्पा उभे राहिले. "सायेब, ती त्या टायमाला आमच्या घरची पाव्हणी. खानावळ आमच्या घरची. पाव्हण्या बाईनं चार चपात्या लाटल्या म्हंजी तिचा धंदा व्हतो का?"

अधिकाऱ्यांनी बाईला विचारलं, "तुमच्याकडे काही कागद?"

"न्हाई."

"साक्षीदार? त्या काळी तुमच्याकडे जेवलेला कुणी?"

"लई जेवले, सायेब. समदे गेले."

"एकही नाही?"

तिने दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाहेर दुसऱ्या गावची माणसं उभी होती. अधिकाऱ्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, पान उलटलं आणि पुन्हा मागे आणलं. "बाकीची दोन प्रकरणं घेतो. तोवर कुणी येत असेल तर बोलवा. नंतर थांबणार नाही."

पहिलं प्रकरण सात मिनिटांत संपलं. दुसरं लांबलं, एका विहिरीच्या हद्दीवरून. बाई पिशवीची गाठ सोडत होती आणि बांधत होती. बारा वाजून चार मिनिटांनी गुरुजी आत आले. टोपी, धुतलेलं धोतर, बसच्या धुळीने पांढरे झालेले पाय. एसटी चौफुल्यावर बंद पडली होती, ते पुढे एका टेंपोत बसून आले होते.

आप्पा उठून उभे राहिले. मुलांच्या शिक्षकासमोर ते बसू शकत नव्हते. "या गुरुजी," ते म्हणाले आणि आपली खुर्ची पुढे केली. गुरुजी बसले नाहीत.

"आपण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"निवृत्त प्राथमिक शिक्षक."

"या प्रकरणात काय माहिती आहे?"

"हद्द जाहीर होण्याच्या आधी मी त्या गावात ड्यूटीवर होतो."

"कसली ड्यूटी?"

"ते सांगायची मला परवानगी नाही. दुपारी मी जेवत होतो. पहिल्या खोलीत. हिच्या हातचं. पैसे हिच्याच हातात देत होतो. माझ्याबरोबर वीस-पंचवीस माणसं पंगतीला असत."

अधिकारी आप्पांकडे वळले. "हे खरं आहे?"

आप्पा उभेच होते. नाही म्हणायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती, दुसरा साक्षीदारही नव्हता. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, मग भावाकडे. भावाला काय चाललंय ते कळत नव्हतं. तो गुरुजींना हात जोडून हसत होता.

"जेवायचे," आप्पा म्हणाले. "वांगं खात न्हाईत ते. त्यांना निराळं पिठलं असायचं."

"पैसे कोण घ्यायचं?"

"तीच."

अधिकाऱ्यांनी कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. गुरुजी तिथेच थांबले. "आणखी एक लिहा," ते म्हणाले. "त्या ड्यूटीत मी हिला काही न विचारता, दुसऱ्याच्या तोंडचं लिहिलं. काय लिहिलं ते सांगणार नाही. ते बरोबर नव्हतं, एवढं लिहा."

"त्याची गरज नाही, गुरुजी."

"मला आहे."

कारकुनाने वर पाहिलं. अधिकाऱ्यांनी मान हलवल्यावर त्याने तेही लिहिलं.

बाहेर आल्यावर बाईने गुरुजींना वाकून नमस्कार केला नाही. तिने त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, "जेवलात का?" ते म्हणाले, नाही. आप्पांची जीप उभी होती. चौघंही त्याच जीपने गावाकडे गेले, आप्पा, त्यांचा भाऊ, गुरुजी आणि बाई. मला बोलावलं होतं. मी गेले नाही. घरी जाऊन मी ते घर ज्या कागदांवर उतरून घेतलं होतं ते फाडले आणि संगणकावरची माझी यादी पुसली.

आदेश काही आठवड्यांनी आला. गाळा बाईला मिळाला. रांग पडली त्या दिवशी ती मागच्या गाळ्यात शेगडी लावत होती. मी दारात उभी होते.

"ताई, ते कागदावरचं आता दुरुस्त व्हतंय का?"

"नाही. ते तसंच राहणार."

"बिनकामाची?"

"हो."

तिने शेगडी पेटवली, ज्योत कमी केली. "ऱ्हाऊ द्या. नवी मोजणी येणार हाय म्हणं." मग दाराच्या चौकटीवर थाप मारून म्हणाली, "ह्या दारात आता मीच बोलीन."